मॅच बघणारी बाई

२५ जून २०२४ ची सकाळ. सव्वाआठ वाजले असतील. तव्यावर पोळी, ओट्यावर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि त्या मोबाइलमध्ये माझी धाकटी बहीण. कॅनडातल्या एडमंटन शहरात राहते ती. व्हिडिओ कॉलवर हुंदके देऊन रडत होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

“काय झालं वो? सासरी काही झालं काय तिच्या?”

“नाही हो काकू, तिची टीम हरली.”

“कायची टीम?”

“बर्फावरच्या हॉकीची.”

काकूंनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “खेळ हारला म्हणून रडून राह्यली? दोन लेकरांची माय हाय ना ते?”

विरजण घेऊन काकू गेल्या. पण त्यांचा प्रश्न माझ्या ओट्यावरच राहिला. मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याही मनात तोच प्रश्न होता. दोन लेकरांच्या आईनं मॅचसाठी रडावं का? मॅच बघावी, इथपर्यंत ठीक. पण इतकं मनाला लावून घ्यावं?

आधी हा खेळ काय आहे ते सांगते, कारण मलाही तो बहिणीनंच फोनवर शिकवला. आपल्या बुलढाण्याला विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणतात खरं, पण बर्फ म्हटला की आपल्याला गोळेवाल्याची गाडीच आठवते. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं बुटाखाली पातं लावून त्यावर घसरत खेळतात. हातात लांब काठी. चेंडूऐवजी रबराची जाड चपटी चकती, तिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी एका संघाचे सहाजण मैदानात, त्यातला एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ इतका दमवणारा की मिनिटभरातच खेळाडू बाकावर परत येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो, तेही खेळ न थांबवता! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तर ती चकती दिसतच नव्हती. बहीण म्हणाली, “ताई, चकती नको बघू, माणसं कुठं पळतात ते बघ.” तेव्हा कुठं थोडं थोडं कळायला लागलं.

तिथली मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. कॅनडा आणि अमेरिकेतले ३२ संघ. २०२३-२४ च्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळला. त्यातून १६ संघ ‘प्लेऑफ’ला जातात. आपल्या आयपीएलमध्ये प्लेऑफ म्हणजे चार संघ आणि चार सामने, लगेच मोकळं. तिकडे ही बाद फेरी एप्रिलपासून जूनपर्यंत चालते. एका जोडीत सातपैकी चार सामने जिंकायचे, मग पुढची जोडी. अशा चार फेऱ्या पार पाडल्या की स्टॅनले चषक. आणि गंमत म्हणजे या दिवसांत खेळाडू दाढी करत नाहीत, त्यांना बघून चाहतेही करत नाहीत. आपल्याकडे श्रावण पाळतात ना, अगदी तसं! संघ हरला की दुसऱ्या दिवशी वस्तरा.

त्या वर्षी एडमंटनचा ऑयलर्स संघ अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध पहिले तीन सामने हरला होता. सगळ्यांनी आशा सोडली. मग त्यांनी ओळीनं तीन जिंकले! ८-१, ५-३, ५-१. तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा सामना आपल्या घड्याळात पावणेसहाला सुरू झाला. माझं पाणी भरणं चालू होतं. एका हातात नळाचा पाइप, दुसऱ्या हातात फोन. बहिणीनं तिचा फोन टीव्हीसमोर ठेवला होता आणि ती मराठीतून कॉमेंट्री करत होती, “आला, आला, घेऊन आला... अगं माय, थोडक्यात गेला!” कॅनडात २००८ पासून या सामन्यांचं पंजाबीतून समालोचन सुरू झालं. मराठीतून नाही. माझ्यापुरतं ते बहिणीनं सुरू केलं होतं.

शेवटी २-१ असा निकाल लागला. ऑयलर्स हरले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पुन्हा तोच अंतिम सामना, पुन्हा तेच फ्लोरिडा आणि पुन्हा हार.

आता कोणी म्हणेल, परक्या देशातल्या परक्या संघाचं हिला काय एवढं? त्याचं उत्तर मला फार उशिरा कळलं.

बहीण लग्न करून २०१० मध्ये तिकडे गेली. मेहकरची पोर. शेजारी-पाजारी, ओटा, गल्ली यांत वाढलेली. तिथं हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंत पारा उतरतो. दार उघडलं तर समोर कोणी नाही. नवरा सकाळी कामावर गेला की संध्याकाळपर्यंत हिचं बोलणं फक्त माझ्याशी आणि आईशी, तेही फोनच्या बिलाकडे बघत. शेजारी एक म्हाताऱ्या आजी राहायच्या, एकट्याच. त्यांनी एका संध्याकाळी हिला मॅच बघायला बोलावलं. इंग्रजी धड कळत नव्हतं, खेळ तर मुळीच नाही. पण आजींनी कागदावर मैदान काढून दाखवलं. पुढच्या मॅचला ही पोहे घेऊन गेली.

आणि संघ कुठला मिळाला? तर हरणारा! २००६ मध्ये अंतिम फेरीत हरलेले ऑयलर्स त्यानंतर सलग दहा हंगाम प्लेऑफपर्यंत पोहोचलेच नाहीत. बहिणीची पहिली सहा-सात वर्षं त्यातच गेली. तिचा फोन यायचा, “ताई, आज पण हरलो.” मी हसायचे. पण तो ‘हरलो’ शब्द बघा. ‘हरले’ नाही, ‘हरलो’. तोवर त्या देशाबद्दल बोलताना ती नेहमी ‘हे लोक’, ‘यांच्याकडे’ असंच म्हणायची. हॉकीनं तिला तिथं पहिल्यांदा ‘आम्ही’ म्हणायला शिकवलं. लिफ्टमध्ये, दुकानात, मुलींच्या शाळेच्या दारात, कुणाशीही बोलायला तिला एक विषय मिळाला. २०१७ मध्ये संघ परत प्लेऑफला पोहोचला तोवर त्या आजी नव्हत्या. बहिणीनं त्या दिवशी त्यांच्या नावानं दिवा लावला. आता सांगा, ती मॅच होती की नातं होतं?

काकूंच्या प्रश्नानं मला आणखी एक रात्र आठवली. १३ मार्च १९९६. विश्वचषक क्रिकेटची उपांत्य फेरी, कोलकात्याला, भारत-श्रीलंका. मेहकरच्या आमच्या घरी अख्खी गल्ली टीव्हीपुढं. म्हणजे गल्लीतले पुरुष टीव्हीपुढं, आम्ही मुली स्वयंपाकघरात. चहाचा ट्रे घेऊन जाताना जेवढे चार चेंडू दिसतील तेवढंच आमचं क्रिकेट. बहीण तेव्हा बारा वर्षांची. तिनं एका काकांना विचारलं, एलबीडब्ल्यू म्हणजे काय? ते म्हणाले, “तुले काय समजते त्यातलं? चहा आण.” आपले गडी धडाधड बाद झाले, प्रेक्षकांनी गोंधळ घातला, मॅच बंद पडली आणि श्रीलंकेला विजयी ठरवलं. त्या रात्री ते काका जेवले नाहीत. डोळे लाल. आई म्हणाली, “त्यांना आज कोणी काही बोलू नका गं.” आम्ही सगळ्या जणी पाय न वाजवता वावरत होतो.

त्या रात्री त्यांना कोणी विचारलं नाही, “खेळ हारला म्हणून रडून राह्यला? तीन लेकरांचा बाप हाय ना तू?”

पुरुषाचं खेळासाठी रडणं आपण सांभाळून घेतो, बाईच्या रडण्याला मात्र हसतो. बाईनं मालिका बघून डोळे पुसले तर चालतं, कारण त्यात सासू-सून असते, घर असतं. पण खेळासाठी जीव टांगणीला लावणं म्हणजे रिकामटेकडेपणा! घरातला रिमोट कोणाच्या हातात असतो हे मी सांगायची गरज नाही. आणि आपणही किती सहज म्हणून टाकतो, “मला नाही बाई त्यातलं काही कळत.” कळत नाही, की कळून घ्यायला कधी कोणी बसूच दिलं नाही?

यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही खरे आहेत. एक म्हणजे पैशांचा. आपल्या भागात मॅच म्हटली की सट्टा आठवतो. पैसे लावायच्या मोबाइल ॲपनी कितीतरी घरांची वाट लावली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो काही उगाच नाही. बचतगटाच्या कामात मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्यांच्या गळ्यातली पोत नवऱ्याच्या मोबाइलमध्ये गेली. पण सट्टा लावणारा खेळ बघत नसतो, तो पैसा बघत असतो. दहा वर्षं हरणाऱ्या संघावर कोणता सट्टेवाला जीव लावेल? दुसरा आक्षेप वेळेचा. पहाटे उठून मॅच बघणाऱ्या बाईचं घर कोण बघणार? तर त्या सकाळी माझ्या पोळ्याही झाल्या आणि डबेही गेले. वेळ आपण काढतोच. कशासाठी काढायचा हे ठरवायची मुभा तेवढी आपल्याला हवी.

आणि बायकांनी खेळ बघणं ही नुसती हौसमौज नाही, हेही बहिणीमुळेच समजलं. ज्या खेळाला बघणारं कोणी नसतं, तो खेळ वाढत नाही. त्याला पैसा मिळत नाही, मैदान मिळत नाही, बातमी मिळत नाही. मुलींच्या खेळांचं नेमकं हेच होत आलं आहे.

स्टॅनले चषक ज्यांच्या नावानं आहे ते लॉर्ड स्टॅनले कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. त्यांनी हा चषक १८९२ मध्ये दिला. त्यांच्या घरात मुलंच काय, मुलगी इझाबेलसुद्धा १८९० च्या सुमारास लांब झगा घालून बर्फावर हॉकी खेळायची. म्हणजे मुली सुरुवातीपासून खेळत होत्या. पण त्यांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा व्हायला १९९० साल उजाडलं. ती ओटावाला झाली आणि लोकांचं लक्ष जावं म्हणून कॅनडाच्या संघाला गुलाबी पोशाख घालावा लागला! त्या पोरींनी गुलाबी कपड्यांत सुवर्णपदक जिंकलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची आइस हॉकी आली ती १९९८ मध्ये. तिकडच्या बायकांची नवी व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माँट्रियलच्या एका सामन्याला २१,१०५ माणसं आली. एवढी माणसं तिकीट काढून मुलींचा खेळ बघतात म्हटल्यावर टीव्हीवाले आले, जाहिराती आल्या, खेळणाऱ्या मुलींना पगार मिळायला लागले.

आणि आपल्याकडे? एके दिवशी बहिणीनं विचारलं, “ताई, आपल्या पोरींचीसुद्धा टीम आहे, माहीत आहे का?” मला वाटलं चेष्टा करतेय. भारतात आइस हॉकी? पण आहे! लडाखच्या मुली. हिवाळ्यात तिथली तळी जेमतेम दोन महिने गोठतात, तेवढाच त्यांचा सराव असायचा. भावांचे, पुरुषांचे जुने बूट घालून शिकलेल्या मुली. २०१६ मध्ये पहिल्यांदा भारतीय महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी तैवानला गेला तो लोकवर्गणीतून आणि उसन्या साहित्यावर. सगळे सामने हरला. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला ४-३ हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. कॅनडाची हेली विकेनहायझर, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली बाई, २०१८ च्या जानेवारीत या मुलींना शिकवायला लडाखला आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिनं आपल्या संघाला कॅनडातल्या कॅलगरी शहरात खेळायला बोलावलं.

एडमंटनहून कॅलगरी तीनशे किलोमीटर. बहिणीनं दोन्ही मुलींना गाडीत घातलं, डब्यात धपाटे भरले आणि तीन तास गाडी चालवत गेली. ओळख ना पाळख. कडेला उभी राहून तिनं “भारत माता की जय” अशी आरोळी ठोकली, तर एका मुलीनं थांबून वर पाहिलं आणि काठी उंचावली. बहीण सांगत होती, “ताई, एवढ्या लांब कोणी आपल्यासाठी ओरडेल असं त्या पोरीला वाटलंच नव्हतं गं.”

याच संघानं जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथं आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. भर वाळवंटात, बर्फाच्या मैदानावर! भारतीय महिला आइस हॉकीचं हे पहिलं पदक. आपल्यापैकी किती जणींनी ती बातमी वाचली?

बहिणीच्या कॅलगरीच्या गोष्टीनं मला मात्र चांगलंच टोचलं. का ते सांगते.

आमच्या गल्लीत एक मुलगी कबड्डी खेळायची. चपळ. तिची शाळेच्या संघात निवड झाली, संघ जिल्हा पातळीवर गेला. आमच्या महिला मंडळानं तिला हार घातला, शाल दिली, फोटो काढला. मीच भाषण केलं. जिजाऊंच्या जिल्ह्यातली लेक वगैरे. भाषण चांगलं झालं. सामने आमच्याच गावात होते, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर. त्या दिवशी आमच्यापैकी एकही जण तिकडे फिरकली नाही. माझ्याकडे पाहुणे होते, कुणाची भिशी होती, कुणाचा उपास. नंतर ती भेटली तेव्हा म्हणाली, “काकू, समोरच्या गावच्या बाया ट्रॅक्टरनं आल्या होत्या. त्या टाळ्या वाजवायच्या तर आम्हाला धडकीच भरायची. आमच्याकडून फक्त सर ओरडत होते.”

पुढच्या वर्षी ती खेळली नाही. बारावी होती, घरी अडचणी होत्या, लग्नाचंही बघत होते. आम्ही दोन तास मैदानावर जाऊन बसलो असतो तर ती खेळत राहिली असती, असा माझा दावा नाही. पण बहीण परक्या पोरींसाठी तीनशे किलोमीटर गेली आणि मला माझ्या गल्लीतल्या पोरीसाठी पंधरा मिनिटं चालता आलं नाही, एवढं खरं. सत्कार करायला मी हजर होते. खेळ बघायला नव्हते.

आपलं सगळ्यांचंच असं झालंय का हो? आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात तो होता. अभिमानानं ऊर भरून आला आपला. पण १४९ म्हणजे काय ते विचारलं कोणी? पंधरा बाण, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण दीडशे. एकच गुण हुकला त्याचा! हे मला कळलं तेव्हा खरा काटा आला अंगावर. नुसती बातमी वाचून आला नव्हता. खेळ कळला की कौतुकसुद्धा खरं होतं.

बघणाऱ्या बायकांची ताकद काय असते ते २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपण सगळ्यांनी पाहिलं. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याआधी उपांत्य फेरीत मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या होत्या, तेव्हापासूनच आमच्या गल्लीत बायका एकमेकींना स्कोअर विचारायला लागल्या होत्या. अंतिम सामन्याच्या रात्री आमच्या घरी सात-आठ जणी जमलो. चहा नवऱ्यानं केला! शेजारच्या काकूही आल्या होत्या, “जराशीक बसते” म्हणून. बारा वाजून गेले तरी उठल्या नाहीत. शेवटचा झेल घेतला तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी काही विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही मंडळात एक ठरवलं. सत्कार कमी, मैदानावर जाणं जास्त. फार मोठं काही नाही. शाळेत किंवा क्रीडा शिक्षकांना विचारायचं, मुलींचे सामने कधी आहेत, कुठे आहेत. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात, त्या आपल्या गावाजवळ होतात तेव्हा चार जणींनी जायचं. सोबत पाणी न्यायचं. खेळाचे नियम खेळणाऱ्या मुलींकडूनच शिकून घ्यायचे. त्या फार आनंदानं शिकवतात. मुलींची नावं पाठ करायची, म्हणजे नावानं ओरडता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हरल्या तरी पुढच्या वेळी पुन्हा जायचं. जिंकणाऱ्याच्या मागं गर्दी असतेच. दहा वर्षं हरणाऱ्या संघासोबत बसणारी बाई मला माझ्या बहिणीत दिसली.

पहिल्यांदा आम्ही पाच जणी गेलो. मैदानाच्या कडेला उभं राहताना अवघडल्यासारखं झालं. सगळी पोरं आमच्याकडेच बघत होती, या कोणाच्या आया म्हणून. टाळी कधी वाजवायची हेही कळेना. एका मुलीनं समजावलं की चढाईला तीस सेकंद असतात आणि समोर सहा किंवा सात जणी असतील तेव्हा बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तर बोनस गुण मिळतो. काकूंनी ते लक्ष देऊन ऐकलं. पाच मिनिटांनी काकूंचा आवाज, “बोनस घे वो माय, बोनस! सहा जणी हायेत!” पंचसुद्धा वळून बघायला लागले.

आमच्या मुली तीन गुणांनी हरल्या. एक जण कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होती. काकू तिच्याजवळ गेल्या, पाठीवर हात ठेवला, काही बोलल्या नाहीत. परत येताना बाकीच्या आम्ही पंचांच्या निर्णयावर वाद घालत होतो, अगदी पानठेल्यावरच्या पुरुषांसारखा. काकू गप्प होत्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला म्हणाल्या,

“पुढची मॅच कधी हाय म्हंते?”